ओसरलेली इच्छा, सोडलेली इच्छा

‘रजोनिवृत्ती’ हा शब्द आरोग्याच्या पुस्तकांत आणि दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यांत भेटतो. घरात बायका ‘पाळी गेली’ एवढेच म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे नेमके असते: जे गेले त्याचेच नाव त्या घेतात. पुस्तकी शब्दात मात्र एक सरमिसळ दडलेली आहे. रज म्हणजे ऋतुस्राव; पण ज्याच्यापासून तृष्णा आणि आसक्ती उपजते असे गीता सांगते, तो तीन गुणांतला मधला गुणही रजच. निवृत्ती म्हणजे थांबणे. आणि प्रवृत्तीकडे पाठ करून मोक्षाकडे जाणारा मार्ग, तीही निवृत्तीच. शब्दकोशात हे अर्थ वेगवेगळ्या ओळींवर राहतात, समाजाच्या मनात ते एकमेकांत मुरले आहेत. म्हणून पाळी थांबलेल्या बाईची कामेच्छाही थांबली असणार, निदान थांबायला हवी, असे आपण धरून चालतो. ती थांबली आणि त्याचे तिला दुःख झाले, तर त्या दुःखाला जागा नसते. आता नामस्मरण करायचे, नातवंडे सांभाळायची, हे कसले वेड, असे तिला सांगितले जाते. बहुतेकदा तीच स्वतःला सांगते. या समजुतीपुढे आता एक औषध येऊन उभे राहिले आहे. कातडीवर चोळायचे, अगदी थोड्या मात्रेचे टेस्टोस्टेरॉनचे मलम किंवा जेल. ते काही स्त्रियांची गेलेली इच्छा काही अंशी परत आणते. मग धर्माचा प्रश्न सरळ पुढे येतो: वयाने जे आपोआप सुटले ते औषध लावून पुन्हा धरायचे, हे मागे फिरणे नव्हे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. आणि ते आधुनिकतेच्या नावाने देण्याची गरज नाही. वैराग्य म्हणजे काय याचा विचार आपल्याच परंपरेने जितक्या बारकाईने केला आहे, त्यातूनच ते निघते.

आधी शरीराचे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण या विषयातले निम्मे गैरसमज तिथेच आहेत. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचे संप्रेरक म्हणून ओळखले जाते, पण प्रत्येक स्त्रीच्या शरीरात ते जन्मभर तयार होत असते: काही बीजांडकोशांत, काही मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत, आणि जवळपास निम्मे इतर ऊतींमध्ये, या दोन ग्रंथींनी सोडलेल्या कच्च्या मालापासून. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या रक्तातसुद्धा ते इस्ट्राडायॉलपेक्षा बहुधा जास्त असते; प्रयोगशाळा एक नॅनोग्रॅममध्ये मोजते आणि दुसरे पिकोग्रॅममध्ये, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इस्ट्रोजेन हे शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या सख्ख्या भावंडांपासूनच बनते. ज्याला आपण स्त्रीपणाचे द्रव्य म्हणतो ते पुरुषपणाच्या म्हटलेल्या द्रव्यातून जाऊनच स्त्रीच्या अंगी येते. 1934 साली बर्नहार्ट झोंडेक यांना घोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेन विपुल सापडले. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाक्वर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे करून त्याचे नामकरण केले. म्हणजे नावे पक्की होत होती त्याच सुमारास ती अपुरी असल्याचे पुरावेही येत होते. पण नावे टिकली. अर्धनारीनटेश्वराची मूर्ती हे रसायनशास्त्र नव्हे, आणि तिच्यात आधुनिक शोध वाचू नयेत. तरीही एका देहात दोन्ही तत्त्वे नांदतात ही कल्पना ज्यांच्या देवघरात आहे त्यांना तरी, स्त्रीने टेस्टोस्टेरॉन घेणे म्हणजे परक्या जातीचे द्रव्य अंगात घेणे, असे वाटायचे कारण नाही.

दुसरा गैरसमज काळाचा आहे. पाळी थांबताना इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, टेस्टोस्टेरॉन मात्र तसे उतरत नाही. त्याची ओहोटी विशीनंतरच सुरू झालेली असते. चाळिशीच्या स्त्रीच्या रक्तात ते विशीतल्यापेक्षा सुमारे निम्मे उरते, आणि पाळी थांबण्याच्या त्या एक-दोन वर्षांत त्याला वेगळा उतार लागत नाही. पाळी गेल्यावरही बीजांडकोश थोडेफार टेस्टोस्टेरॉन बनवत राहतात. ते एकदम निम्म्यावर येते ते शस्त्रक्रियेने दोन्ही बीजांडकोश काढले तर. म्हणजे ‘पाळी गेली, इच्छा गेली’ या जोडीला निसर्गाने बांधलेली गाठ आपण समजतो तितकी घट्ट नाही. इच्छा कमी होण्याला कोरडेपणाने होणाऱ्या वेदना, घामाने मोडलेली झोप, नैराश्य, त्यावरची औषधे, दुरावलेला नवरा, हेही तितकेच कारण असते. आपल्याकडच्या जुन्या रीतीने तरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. ऋषिपंचमीचे व्रत पाळीच्या विटाळाशी बांधलेले आहे आणि पाळी गेल्यावर बायका त्याचे उद्यापन करतात. त्या उद्यापनाने शिवाशिवीच्या जाचातून सुटका होते, आणि ती सुटका कितीतरी जणींना खरोखर हवीशी वाटत आली आहे. पण ते व्रत रक्ताचे आहे, इच्छेचे नाही. इच्छेचे उद्यापन कोणत्याही पोथीत सांगितलेले नाही. ते आपण मागाहून जोडले.

आता मुख्य मुद्दा. वैराग्य हे नसलेल्या गोष्टीचे होत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात याचा एक सूक्ष्म विचार आहे: आहार सोडलेल्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते, आणि ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. ज्ञानेश्वरांनी त्यावर झाडाचा दृष्टान्त दिला आहे. वरवरची पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालत राहायचे, तर झाड मरणार कसे? इथे दोन स्थिती सांगितल्या आहेत. एकीत विषय सुटला पण गोडी राहिली. ते अर्धे वैराग्य. दुसरीत दर्शन झाले आणि गोडीही गेली, ते पुरे. संप्रेरकाच्या ओहोटीने होते ती तिसरीच स्थिती आहे: दर्शन काहीच झालेले नाही आणि गोडी मात्र गेली. मुळाला पाणी मिळेनासे झाले म्हणून झाड वाळले, कोणी ते उपटले नाही. गीतेच्या मोजपट्टीने ही स्थिती पहिलीपेक्षा वरची ठरत नाही आणि दुसरीची पायरीही ठरत नाही. तापाने तोंडाची चव गेलेल्या माणसाने जेवण टाळले तर आपण त्याला उपवास म्हणत नाही. त्याला एकादशीचे पुण्य द्यावे असे कुणाला वाटत नाही, आणि बरा झाल्यावर त्याला पुन्हा भूक लागली तर त्याचे व्रत मोडले असेही कुणी म्हणत नाही.

हा विचार एकट्या गीतेचा नाही. विनयपिटकात एका भिक्षूची गोष्ट येते. वासनेच्या त्रासाला कंटाळून त्याने स्वतःचे इंद्रिय कापून टाकले. बुद्धांनी त्याची वाखाणणी केली नाही. कापायचे होते एक आणि या मूढाने कापले भलतेच, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. ख्रिस्ती धर्मातही हाच निवाडा स्वतंत्रपणे झाला. तिसऱ्या शतकातला थोर विचारवंत ओरिजेन याने तारुण्यात स्वतःचे खच्चीकरण करून घेतल्याचे युसेबियसने लिहून ठेवले आहे. इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने जे नियम केले त्यातला पहिलाच नियम असा: ज्याने धडधाकट असताना स्वतःला खच्ची करून घेतले त्याला धर्मगुरुपद नाही, ज्याच्यावर ते आजारात वैद्यांनी किंवा जुलमाने इतरांनी लादले त्याला मात्र बंदी नाही. ब्रह्मचर्याला इतके उच्च मानणाऱ्या दोन धर्मांनी, एकमेकांना न विचारता, अवयव गेल्याने इच्छेचा त्याग होतो हे नाकारले. शरीराची क्षमता जाणे ही घटना आहे. त्याग ही कृती आहे. पुरुषाच्या बाबतीत हा फरक इतका स्पष्ट दिसला की त्यावर नियम झाले. स्त्रीच्या बाबतीत मात्र घटनेलाच कृतीचे नाव दिले गेले, आणि वर तिच्याकडून त्या नावाला शोभेल अशा शांत चेहऱ्याची अपेक्षा केली गेली.

पतंजलींनी या फरकाला अचूक परिभाषा दिली आहे. ते वैराग्याला वशीकार म्हणतात: पाहिलेल्या आणि ऐकलेल्या विषयांची तहान नसलेल्या माणसाची प्रभुत्वाची जाणीव. प्रभुत्व कशावर तरी असते. दुसऱ्या पादात ते क्लेशांच्या चार अवस्था सांगतात: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार, आणि व्यासभाष्य पाचवी एक गोष्ट वेगळी काढते, ती म्हणजे योग्याचे जळालेले बीज. प्रसुप्त क्लेश बीजरूपाने पडून असतो आणि आलंबन समोर आले की जागा होतो. जळालेले बीज कितीही पाणी घातले तरी उगवत नाही. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, कारण दोन्हींना अंकुर नसतो. पण साठीतल्या एखाद्या स्त्रीला काही आठवडे थोडेसे टेस्टोस्टेरॉन दिल्यावर तिची इच्छा जागी होत असेल, तर ते बीज जळालेले नव्हते, झोपलेले होते, एवढे तरी सिद्ध होते. यात तिची काही उणीव नाही. तिने बीज जाळल्याचा दावा केलाच नव्हता. तो तिच्या वतीने इतरांनी केला होता. खऱ्या योगिनीला हे औषध दिले तर काय होईल, असा प्रश्न कुणी विचारील. तिच्याही शरीरात काही हालचाल होईल कदाचित. पण तिची कसोटी हालचाल होण्या-न होण्याची नाहीच. हालचाल झाली असता ती तिच्याकडे कशी पाहते, याची आहे. वैराग्याची परीक्षा जिथे व्हायची ती जागा म्हणजे जिवंत इच्छा, आणि ती जागाच काढून घेतली तर परीक्षेचा निकाल कुणी लावू शकत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, वैराग्य नसेल, पण सुटका तर आहे ना? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या आरंभी म्हातारा केफालस सोफोक्लिसची आठवण सांगतो: वृद्ध नाटककाराला कुणी कामसुखाबद्दल विचारले, तर तो म्हणाला की एका पिसाळलेल्या मालकाच्या तावडीतून सुटल्यासारखे वाटते. मनूनेही अंगावर सुरकुत्या आणि केस पांढरे दिसले, नातू झाला, की वनाकडे निघावे असे सांगितले. वय साधनेला साहाय्य करत असेल तर औषध घेऊन ते साहाय्य का नाकारायचे? या आक्षेपातला खरा भाग मी मान्य करते. पुष्कळ स्त्रियांना इच्छा ओसरल्याचे दुःख होत नाही, उलट हलके वाटते. विशेषतः ज्यांच्या आयुष्यात संबंध म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याची मागणी पुरी करणे होते, त्यांना. त्या हलकेपणाचा मान ठेवलाच पाहिजे, आणि त्यांना ‘तुमच्यात काहीतरी कमी आहे’ असे सांगत फिरणे हा अपराध आहे. पण केफालसच्या त्याच उत्तरात पुढे असे येते की म्हातारपणाच्या सुखदुःखाचे कारण वय नसून माणसाचा स्वभाव आहे. वय कुणालाच फुकट शहाणपण देत नाही. मनूचे पांढरे केसही खूण म्हणून येतात, निर्णय म्हणून नाहीत. केस पांढरे झाल्याने कुणी वानप्रस्थ होत नाही, ते पाहून त्याने निघायचे असते. ज्या स्त्रीला निघायचे आहे तिला ओहोटीची मदत होईल. जिला निघायचे नाही, जिला सोबत्याच्या जवळिकीत आयुष्याचा एक अर्थ सापडला होता आणि तो हातातून निसटला म्हणून जी रात्री जागी राहते, तिच्या बाबतीत ती ओहोटी साधना नव्हे; तो वियोग आहे, आणि त्याला दुसऱ्याने पुण्याचे नाव देणे क्रूर आहे.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. मलमाने आलेली इच्छा तिची स्वतःची कशी? ती तर मलमाची. हा प्रश्न ज्या तत्त्वज्ञानात मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये मानली आहेत तिथे फार जड वाटतो. सांख्यांना तो इतका जड वाटणार नाही, कारण त्यांच्या मते मन, बुद्धी आणि अहंकार ही प्रकृतीचीच परिणती आहे. पुरुष फक्त साक्षी. प्रकृतीने प्रकृतीला हलवले, यात नवल ते काय. पण याहून नेमके उत्तर छांदोग्य उपनिषदात आहे. उद्दालक आरुणीने मुलाला सांगितले की मन अन्नमय आहे, आणि ते पटावे म्हणून श्वेतकेतूला पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहायला लावले. मग त्याला वेद म्हणायला सांगितले. बारा वर्षे गुरुगृही शिकून आलेल्या त्या मुलाला एकही ऋचा आठवेना. जेवल्यावर सगळे आठवले. उद्दालकाने यातून काय काढले? वेद श्वेतकेतूचे नसून भाताचे आहेत, असे त्याने म्हटले नाही. निखारा विझत आला होता, गवताची काडी घातल्यावर पेटला, असे तो म्हणाला. अन्नाने वेद दिले नाहीत. जे वेद त्याचे होते ते प्रकट होण्याची अट अन्नाने पुरी केली. संप्रेरकाचेही असेच आहे. ते कुणाविषयी प्रेम निर्माण करत नाही, कुणाची आठवण पेरत नाही. ज्याच्याविषयी इच्छा व्हायची तो माणूस, त्याच्यासोबतची वर्षे, मनातली लाज किंवा मोकळेपणा, हे सगळे तिचे तिच्यापाशीच असते. आणि संप्रेरक भरपूर असतानाची, पंचविशीतली इच्छा तरी शरीराला वगळून कुठे आली होती?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्याच्यामागे इतिहास आहे. औषधाच्या बाजाराने म्हातारपणालाच रोग ठरवले तर? हे घडलेले आहे. 1966 साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकाने पाळी थांबणे हा इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा रोग ठरवला. त्यांना औषध कंपनीचा पैसा मिळत होता हे पुढे उघड झाले. 2002 मध्ये तिथल्याच ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग धोके दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवावा लागला. टेस्टोस्टेरॉनची वाटही खडतर राहिली. ‘इन्ट्रिन्सा’ या पट्टीला डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामकाच्या सल्लागार समितीने दीर्घकालीन सुरक्षिततेच्या मुद्द्यावर नकार दिला; 2006 मध्ये युरोपात ती मान्य झाली आणि 2012 मध्ये बाजारातून गेली. ‘लिबिजेल’ हे जेल 2011 मध्ये मोठ्या चाचणीत नकली औषधापेक्षा सरस ठरले नाही. आज जमलेला पुरावा काय सांगतो? 2019 मध्ये 36 चाचण्यांतल्या 8,480 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. पाळी गेलेल्या आणि इच्छा ओसरल्याने त्रस्त असलेल्या स्त्रियांना फायदा झाला, पण तो माफक: समाधान देणारे प्रसंग महिन्याला सरासरी एकाहून थोड्या कमीने वाढले. इच्छा वाढली, त्रास कमी झाला. मुरुमे आणि नको तिथले केस काहींना आले. स्मरणशक्ती, हाडे, मनाची उभारी यांसाठी हे औषध घ्यावे असे म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही. त्याच वर्षी अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून जे निवेदन काढले त्यात या उपचाराचे कारण एकच मानले आहे: इच्छा ओसरल्याचा त्रास. मात्रा तरुण स्त्रीच्या नैसर्गिक पातळीच्या आत ठेवावी, कातडीखाली बसवायच्या गोळ्या टाळाव्यात, हेही तिथे आहे. मात्रा वाढली तर आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो, म्हणून ही काळजी वरवरची नाही. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने स्त्रियांसाठीच्या मात्रेचे मलम मंजूर केले. बहुतेक ठिकाणी मात्र पुरुषांच्या जेलचा सुमारे दहावा हिस्सा मोजून लावावा लागतो.

या सगळ्यातली एक बाब तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. रक्तातली टेस्टोस्टेरॉनची पातळी पाहून कुणाला या उपचाराची गरज आहे हे ठरवता येत नाही, असे तेच निवेदन स्पष्ट सांगते. अमुक आकड्याखाली इच्छा नाही आणि वर आहे, अशी रेघ सापडलेली नाही. कमी पातळीच्या काही जणी तृप्त असतात, बऱ्या पातळीच्या काही त्रस्त. म्हणून हा पहिल्या प्रकारच्या मधुमेहासारखा कमतरतेचा रोग नाही, आणि ‘तुमचे टेस्टोस्टेरॉन कमी आहे’ असा कागद हातात देऊन कुणी उपचार विकत असेल तर तो विज्ञानाच्या नावावर विज्ञानात नसलेली गोष्ट विकतो आहे. मग निदान कशावर होते? इच्छा ओसरल्याचा तिला स्वतःला क्लेश होतो का, यावर. क्लेश नसेल तर विकार नाही. इच्छा शून्य असली तरीही. वैद्यकाने एखादी गोष्ट रोग आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार इतक्या उघडपणे त्या व्यक्तीच्या अंतर्मनाकडे सोपवल्याची उदाहरणे थोडी आहेत. पतंजलींच्या परिभाषेत राग, म्हणजे सुखामागे जाणारी ओढ, हा क्लेश आहे. वैद्यकाच्या परिभाषेत ती ओढ नसणे हा क्लेश असू शकतो. शब्द एक, दिशा उलट. पण एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे: क्लेश आहे की नाही हे आतूनच कळते, शेजारणीला किंवा सासरच्यांना विचारून नाही.

इथे कुणी म्हणेल की आतला तो क्लेशही बाहेरून पेरलेला असतो. नवरा नाराज आहे, जाहिरातीतली पन्नाशीची बाई पंचविशीची दिसते, म्हणून हिला आपण अपुऱ्या वाटतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी या औषधाची प्रचारक होऊ शकत नाही. 2008 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत खऱ्या पट्टीने चार आठवड्यांतले समाधानाचे प्रसंग सरासरी 2.1 ने वाढले, पण नकली पट्टीनेही 0.7 ने वाढले. म्हणजे कुणीतरी विचारले, ऐकून घेतले, काही होईल अशी आशा दिली, एवढ्यानेही काहीतरी हलले. नवऱ्याला हवे म्हणून बाईने मलम लावणे हा उपचार नव्हे. त्याच्या मागणीचा बोजा तिच्या कातडीतून आत सोडणे आहे. परंतु क्लेश बाहेरून पेरला जाऊ शकतो म्हणून प्रत्येक क्लेश बाहेरचाच, असे होत नाही. आणि नीट पाहिले तर तिची शांतताही तितकीच बाहेरून पेरलेली असू शकते. ‘मला आता काही वाटत नाही आणि तेच बरे’ हे वाक्य एखादीच्या अनुभवाचे असते, आणि एखादी ते लहानपणापासून ऐकत आलेली असते म्हणून बोलते. दुःखावर संशय घ्यायचा तर समाधानावरही घ्यावा लागेल. तो घेऊन झाल्यावर उरते ते तिचे सावकाश, एकांतात, कुणाच्या घाईशिवाय स्वतःला विचारणे.

परंपरेत असे विचारणारी एक स्त्री आहे, आणि ती फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले 179 वे सूक्त लोपामुद्रा आणि अगस्त्याचा संवाद आहे. कितीतरी शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टले, प्रत्येक पहाट म्हातारपण जवळ आणते, वय देहाची शोभा नेते, अशा आशयाचे ती बोलते आणि तपात गुंतलेल्या नवऱ्याला आपल्याजवळ बोलावते. म्हणजे वय उतरते आहे याची तिला पुरती जाणीव आहे, आणि त्या जाणिवेतून ती माघार काढत नाही, मागणी काढते. सूक्ताच्या शेवटी ऋषीने दोन्ही पोसले असे म्हटले आहे, आणि त्याचा अर्थ काम आणि तप असा लावला गेला आहे. ही इच्छा वेदाने झाकली नाही, सूक्त करून जपली. नंतरच्या आश्रमव्यवस्थेत मात्र स्त्रीचा स्वतःचा वानप्रस्थ उरला नाही. मनूच्या सांगण्याप्रमाणे वनात जाणारा नवरा तिला सोबत नेईल किंवा मुलांच्या स्वाधीन करून जाईल. निघायचे कधी हे त्याने ठरवायचे, तिचे तिच्या गर्भाशयाने.

ययातीची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. शुक्राच्या शापाने त्याला अकाली वार्धक्य आले. मुलगा पूरू याने त्याला आपले तारुण्य दिले. हजार वर्षे भोग घेतल्यावर उपभोगाने तहान भागत नाही हे त्याला उमगले आणि त्याने ते तारुण्य परत केले. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे मराठी वाचकाला हा राजा भोगलालसेचे प्रतीक म्हणून घरचा झाला आहे, आणि पूरूकडून त्याने घेतले त्याचे समर्थन कुणी करू नये. पण त्याच्या निवृत्तीला वजन कशामुळे आले? शापाने आलेल्या म्हातारपणात तो निवृत्त झालेला नव्हता, नुसता असहाय होता. तारुण्य हातात असताना त्याने ते ठेवून दिले, तेव्हा ती निवृत्ती झाली. मागे जाण्याची वाट उघडी असेल तरच पुढे जाणे हा निर्णय ठरतो. या अर्थाने हे औषध वैराग्याचे वैरी नाही. ते उपलब्ध आहे, सुरक्षित मात्रेत आहे, आपल्यासाठी खुले आहे, हे माहीत असलेली स्त्री जेव्हा ‘मला नको, मला वेगळीकडे जायचे आहे’ म्हणते, तेव्हा प्रथमच ते तिचे स्वतःचे सोडणे होते. आणि ‘मला हवे’ म्हणणारीही त्याच मोकळेपणाने तसे म्हणते. ययातीच्या त्या हजार वर्षांत त्याच्या बायका देवयानी आणि शर्मिष्ठा यांचे वय कुठे गेले, त्यांना काय हवे होते, हे मात्र कथेला विचारावेसे वाटले नाही.

विचारले न जाणे हीच या विषयातली खरी जखम आहे, आणि ती महाराष्ट्रात पुराणातली नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने केली. 82,000 हून अधिक स्त्रियांच्या पाहणीत 13,000 हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांत चाळिशीही न गाठलेल्या पुष्कळ होत्या. उचल घेतलेली, कोयता नवराबायकोचा मिळून एक, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जाणार, फडावर ना पाणी ना आडोसा. त्यात अंगावरून जाण्याचा त्रास घेऊन दवाखान्यात गेले की कॅन्सरची भीती घातली जाते. रज थांबवण्यासाठी इथे धर्माची गरज पडली नाही, मुकादमाचा हिशेब पुरला. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही गेले असतील तर तिशीतल्या त्या बाईच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन एका दिवसात निम्म्यावर आले, इस्ट्रोजेन जवळजवळ संपले. नंतर ती हाडे दुखतात म्हणते, झोप नाही म्हणते, नवऱ्याजवळ जावेसे वाटत नाही हे तर म्हणतही नाही. गावात कुणी विचारले तर ती सांगते, ‘पिशवी काढली.’ त्या दोन शब्दांत बीजांडकोश राहिले की गेले हे येत नाही. तिच्यासाठी मलमाचा प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे. त्याआधी कुणीतरी तिच्या शस्त्रक्रियेचा कागद उघडून, नेमके काय काढले आणि काय ठेवले, हे तिला तिच्या भाषेत वाचून दाखवायला हवे.